अवयवदानाचं कार्ड काढलंय, पण घरचे नाही म्हणाले तर?

सांगलीकर३४: नोट्टोच्या (अवयवदानाचं काम बघणारी केंद्राची संस्था) साईटवर आधार टाकून प्रतिज्ञा भरली, कार्ड आलं. आईला दाखवलं तर म्हणे असलं अभद्र घरात आणू नकोस. उद्या काही झालंच तर माझं कार्ड चालणार की आईचा नकार? आणि २०२३ मध्ये अख्ख्या देशात मृत्यूनंतर अवयव देणारे जेमतेम ११०० होते म्हणे, मग या कार्डांचं होतं काय?

आयसीयूसिस्टर: आईचाच शब्द चालतो बघा. कार्ड असलं तरी घरच्यांच्या सहीशिवाय कुणी पुढे जात नाही. पण खरी गळती त्याच्या आधी आहे. ब्रेन डेड (मेंदू कायमचा बंद, श्वास फक्त मशीनवर) ठरवायला चार डॉक्टर लागतात, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, आणि छोट्या हॉस्पिटलात कुणी त्या भानगडीत पडत नाही, पेशंट व्हेंटिलेटरवर तसाच जातो. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने नातेवाईकांना विचारणं बंधनकारक केलंय, पण आधी ब्रेन डेड जाहीर तर करा!

माईची_सून: माझ्या धाकट्या दिराचा ॲक्सिडेंट झाला. छाती वरखाली होतेय, हात गरम, आणि डॉक्टर म्हणतात गेले. सासूबाई त्याचे तळवे चोळत बसलेल्या. अवयवदानाबद्दल घरच्यांशी बोलणारी को-ऑर्डिनेटर मुलगी आली ती आधी काही बोललीच नाही, नुसती शेजारी बसली, दुसरी टेस्ट झाल्यावर मग विचारलं. सासूबाई हो म्हणाल्या कारण एकदा गणपतीत तोच बोलला होता, माझं काही झालं तर कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. कार्ड-बिर्ड काही नव्हतं. संमतीनंतरचा खर्च घरच्यांकडून घ्यायचा नाही असा नियम आहे, तरी तो बिलात लावलेला, भांडून काढायला लागला, तेही घरात सुतक असताना. याचा राग अजून जात नाही.

विदर्भवासी: केंद्राने २०२३ ला अवयव मिळण्यासाठीच्या नोंदणीची ६५ वयाची अट काढली, रहिवासी दाखला काढला, नोंदणी फी नको म्हणून राज्यांना सांगितलं. चांगलंच केलं, पण ही सगळी घेणाऱ्याची सोय, देणारे नाही वाढले तर रांगच लांबणार ना. तमिळनाडू त्याच वर्षापासून दात्याला शासकीय इतमामात निरोप देतं. मला विचाराल तर प्रत्येक जिल्हा रुग्णालयात माईंच्या सुनेने सांगितली तशी एक को-ऑर्डिनेटर आधी नेमा.

सांगलीकर३४: ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं. तळव्यांचं पुन्हा वाचायला लावलं तिने. अजून हो म्हणालेली नाही. पण विचारतेय, माणूस घरीच वारला तर डोळे देता येतात का?

आयसीयूसिस्टर: येतात की! सहा तासांच्या आत, म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन करायचा. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी आणि पंखा बंद.