धडा आधी की बातमी आधी? वर्गातलं शिकणं आणि बातम्या वाचणं : अनुभव

अकरावीतली विद्यार्थिनी (सुरुवात)

भूगोलाच्या पुस्तकात सुएझ कालव्यावर जेमतेम चार ओळी होत्या. १८६९ मध्ये खुला झाला, भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र जोडतो, युरोप-आशिया जलमार्ग जवळ आला. इतिहासात, दुसऱ्याच इयत्तेत, वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून १४९८ मध्ये भारतात पोहोचला असं होतं. दोन्ही पाठ झालं, दोन्हीचे गुण पडले, विषय संपला.

मग २०२३च्या शेवटी तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केप ऑफ गुड होपवरून वळवली. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला, मालवाहतुकीचं भाडं चढलं. म्हणजे कालवा असूनही जहाजं पुन्हा वास्को द गामाच्याच वाटेने निघाली! इतके दिवस वेगवेगळ्या तासांना शिकलेले दोन धडे त्या बातमीत एकत्र आले. कालव्याच्या त्या चार ओळींना काय किंमत आहे हे मला तेव्हा कळलं, कारण पहिल्यांदाच तो मार्ग नसला तर काय होतं ते दिसत होतं.

पण उलटही वाटतं. धडा झालेला नसता तर ‘जहाजं वळवली’ हा मथळा मी वाचून सोडून दिला असता. बँकांच्या व्याजदराच्या बातम्या मी आजही तशाच सोडते, कारण त्या बाबतीत माझ्याकडे काहीच आधार नाही. वर्गात ‘वर्तमानपत्र वाचत जा’ असं सगळे सांगतात, कसं वाचायचं ते कुणी सांगत नाही. तुमचं काय झालं? धड्यामुळे बातमी कळली की बातमीमुळे धडा? शिकवणाऱ्यांनीही लिहा.

गणित शिकवणारी

माझं उत्तर सरळ आहे, आधी धडा. पण धडा म्हणजे पुस्तकातलं प्रकरण नव्हे, हिशेबाची सवय. मी वर्गात बातम्या वापरते त्या फक्त आकड्यांसाठी, आणि त्यातही तीन-चार जागी मुलं हमखास अडतात.

पहिली जागा महागाईची. ‘महागाई ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर’ असं छापून आलं की निम्मा वर्ग म्हणतो भाव उतरले. फळ्यावर १०० लिहिते. पहिल्या वर्षी ६ टक्के वाढ, झाले १०६. पुढच्या वर्षी ४ टक्के, झाले ११०.२४. भाव चढतच आहेत, फक्त चढण कमी तीव्र झाली आहे. पुढे कलनशास्त्र शिकवताना हेच उदाहरण पुन्हा काढते, तेव्हा अवकलज (बदलाचा वेग) म्हणजे काय हे वेगळं समजावावं लागत नाही.

दुसरी जागा टक्के आणि टक्केबिंदू. व्याजदर ४ वरून ५ टक्के झाला तर वाढ १ टक्केबिंदूची, पण आधीच्या दराच्या मानाने २५ टक्क्यांची. दोन्ही खरं आहे. बातमीत कोणतं छापायचं हे सांगणारा ठरवतो, आणि तो आपल्या सोयीने ठरवतो. आजारांच्या बातम्यांत हे जास्त बोचतं. ‘धोका ५० टक्क्यांनी वाढला’ म्हणजे दहा हजारांत दोघांऐवजी तिघे, असंही असू शकतं. ‘कशाच्या ५० टक्के?’ हा प्रश्न माझ्या वर्गातली मुलं आता इतक्या वेळा विचारतात की शेजारच्या तासाचे शिक्षक वैतागतात.

आणि आलेख. दोन स्तंभ काढायला सांगते, ५० आणि ५२. एकदा उभा अक्ष शून्यापासून, एकदा ४९ पासून. दुसऱ्या चित्रात एक स्तंभ दुसऱ्याच्या तिप्पट उंच दिसतो. माहिती तीच, आकडे तेच, एक शब्दही खोटा नाही. एवढं एकदा हाताने काढलं की मूल पुढे कुठलाही आलेख बघताना आधी खालचा कोपरा बघतं.

नववीतला

मी वाचतो, पण मला वाटतं यात मोठ्यांना जरा जास्तच कौतुक आहे. परीक्षेत बातम्या विचारत नाहीत. विचारल्या तरी ‘चालू घडामोडी’ म्हणून कोण कुठल्या पदावर आलं, कुठला पुरस्कार कुणाला मिळाला, हेच. ते पण पाठांतरच झालं ना?

वर्तमानपत्रात उपसंपादक

नववीतल्या मित्रा, शंभर टक्के पटलं. नावं आणि पदं म्हणजे बातमीचं टरफल.

मी मेजावर बसतो, बातम्या कापतो, मथळे देतो. आतून दिसणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. एक, बातमी लिहिणारा आणि मथळा देणारा बहुतेक वेळा वेगळे असतात. मथळ्याला जागा ठरलेली, वेळ संपत आलेली. मूळ मजकुरात ‘शक्यता’ असते, ‘प्राथमिक अंदाज’ असतो, ‘काही तज्ज्ञांच्या मते’ असतं. मथळ्यात या शब्दांना जागा उरत नाही. म्हणून मथळा आणि तिसरा परिच्छेद यांची भांडणं शोधायची सवय लावा, भरपूर सापडतील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि शाळेशी थेट संबंधित आहे. बातमीची रचना उलट्या पिरॅमिडची असते. सगळ्यांत महत्त्वाचं वर, मग तपशील, आणि पार्श्वभूमी तळाला. जागा कमी पडली की आम्ही तळापासून कापतो. म्हणजे पहिला बळी ‘हे का झालं’ याचा जातो. तुमचं इतिहासाचं पुस्तक बरोबर उलटं चालतं. आधी कारणं, मग घटना, शेवटी परिणाम. या ताईने सुएझबद्दल जे लिहिलंय ते म्हणूनच मला आवडलं. जो भाग आम्ही कापून टाकला होता तो तिच्याकडे वर्गातून आलेला होता.

अग्रलेख वाचल्याने भाषा सुधारते हा सल्ला मात्र जपून घ्या. काही अग्रलेखांनी बिघडतेसुद्धा.

बारावी विज्ञानचा

६ फेब्रुवारी २०२३चा तुर्कस्तान-सीरियाचा भूकंप. पहाटे ७.८ तीव्रतेचा, आणि साधारण नऊ तासांनी दुसरा, ७.५ चा. मी तेव्हा लहान वर्गात होतो आणि ०.३ चा फरक म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच, असा आमच्या वर्गाचा समज होता. कुणालाही तसंच वाटेल.

पुढे लॉगॅरिदम शिकलो तेव्हा सरांनी उदाहरणं दिली ती सगळी नुसत्या संख्यांची. मी घरी जाऊन तोच भूकंप घेतला, कारण भूकंपाचं मापही लॉगवरच चालतं. मापनात १ ने वाढ म्हणजे जमिनीच्या हादऱ्याची उंची १० पट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. मग ०.३ ला हादरा दुप्पट आणि ऊर्जा साधारण २.८ पट येते. म्हणजे पहिल्या भूकंपात दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट ऊर्जा होती. लॉग का शिकायचे हा प्रश्न मला नंतर पडला नाही.

याच शोधाशोधीत आणखी एक सापडलं. बातम्यांत आणि आमच्या पुस्तकातही ‘रिश्टर’ असतं. रिश्टरचं माप १९३५ चं, कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी बनवलेलं. फार मोठ्या भूकंपांना ते अपुरं पडतं, आकडा एका मर्यादेपुढे वाढतच नाही. म्हणून मोठ्या भूकंपांसाठी आता दुसरं माप वापरतात. त्यात भ्रंश (खडकातली भेग) किती क्षेत्रावर सरकला, किती अंतर सरकला आणि तिथला खडक किती कठीण, हे धरतात. हे मी वर्गात सांगितलं तर सर म्हणाले, ‘बरोबर आहे, पण पेपरात रिश्टरच लिही.’ सरांचंही काही चुकलं नाही, परीक्षेचे गुण काही ते स्वतः देत नाहीत. पण गंमत बघा, पुस्तक आणि वर्तमानपत्र दोन्ही एकाच जागी मागे राहिली होती.

भौतिकशास्त्र शिकणारी

माझी बातमी किलोग्रॅमची. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली. १८८९ पासून पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल म्हणजे एक किलोग्रॅम, असं होतं. आता प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या कायम राहणाऱ्या राशीवरून ठरतो. बातमीचा सूर ‘किलो बदलला’ असा होता, त्यामुळे वर्गात वजन कमी झालं का वगैरे विनोद झाले.

पण आमच्या बाईंनी त्या तासाला प्रकरण बाजूला ठेवलं आणि विचारलं, तो दंडगोल झिजला तर काय म्हणायचं? त्याचं वजन घटलं, की जगातल्या बाकी सगळ्या वस्तूंचं वाढलं? व्याख्येनुसार तो नेहमी एक किलोच! खरोखरच त्याच्या अधिकृत प्रतींशी तुलना केल्यावर शंभरेक वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत दिसली होती. मापनाचं प्रकरण इतकं कंटाळवाणं असतं, आणि त्यात हा प्रश्न दडला होता. इथे बातमीशिवाय धड्याला कुणी हात लावला नसता.

इतिहास शिकवणारा, शाळेचं ग्रंथालयही बघतो

सगळे बातमीच्या मजकुराबद्दल लिहीत आहेत, मी ती कुठून आली याबद्दल लिहितो. आम्ही इतिहासात प्राथमिक आणि दुय्यम साधनं शिकवतो. कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी. मला वाटायचं की ही शिस्त आली की बातम्या तपासणं आपोआप जमेल.

२०१७ मध्ये सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांचा एक अभ्यास वाचला. त्यांनी इतिहासाचे १० पीएच.डी., १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे २५ विद्यार्थी यांना संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी पान नीट, वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि चकचकीत मांडणीला, अधिकृत वाटणाऱ्या नावाला भुलले. तपासनीस मात्र पानावर फार थांबलेच नाहीत. दुसऱ्या खिडक्या उघडून ‘या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात’ ते त्यांनी आधी पाहिलं. ते लवकरही पोहोचले आणि बरोबरही.

बारकाईने वाचणं हा आमच्या विषयाचा अभिमान, आणि तोच इथे उपयोगाचा नव्हता. आता ग्रंथालयाच्या तासाला मी मुलांना अनोळखी पान देतो आणि ते वाचायचंच नाही अशी अट घालतो. आधी त्याच्याबद्दल बाहेर शोधा, वाचण्यालायक आहे का ठरवा, मग परत या. पहिल्यांदा मुलांना ही फसवाफसवी वाटते. पुस्तकाबाबत ही सवय लावू नका, एवढं मात्र सांगावं लागतं.

दोन शाळकरी मुलांची आई

थोडं वेगळं. माझ्या धाकट्याला युद्धाच्या बातम्यांनी झोप लागेना. आम्ही फोनवरच्या सूचना बंद केल्या आणि आठवड्यातून एकदा एकत्र बसून वाचतो. रोजच्या रोज वाचलंच पाहिजे असं काही नाही. आठवड्याने वाचलं की निम्म्या बातम्या आपोआप गळून पडतात आणि उरतात त्या कळतात.

अकरावीतली विद्यार्थिनी

सगळ्यांना उत्तर देत नाही, पण वाचतेय. इतिहासाच्या सरांची युक्ती आमच्या गटप्रकल्पात वापरली, तिघांनी मिळून निवडलेल्या पाच दुव्यांपैकी दोन तिथेच बाद झाले.

गणिताच्या बाईंना एक विचारायचं होतं. महागाईच्या बातमीत तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी का असते? मागच्याच महिन्याशी का नाही?

गणित शिकवणारी

ऋतूंमुळे. पीक निघतं तेव्हा भाव उतरतात, एरवी चढतात. मागच्या महिन्याशी ताडलं तर ही ये-जाच मोजली जाईल. पण वर्षाशी ताडण्यातही एक खोच आहे. समज, दोन वर्षांपूर्वी भावांचा निर्देशांक १०० होता, मागच्या वर्षी काही कारणाने ९५ वर घसरला आणि यंदा परत १०० झाला. भाव दोन वर्षांपूर्वी होते तिथेच आहेत, तरी बातमीत महागाई ५.३ टक्के येईल. पाया, म्हणजे मागच्या वर्षीचा आकडा, खाली गेला म्हणून. आता याच्या उलट, पाया फार वर असला तर काय होईल, ते तू करून बघ. मागच्या वर्षी ११० आणि यंदा ११२ घे.