हिरवळीला रोज दोनदा पाणी, तरी अर्धी करपते. उपाय सुचवा

हिरवापट्टा

घरामागे १२ × १० मीटरची हिरवळ आहे, हरळीच्या सुधारित जातीची. जमीन चिकण. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. घराकडच्या बाजूला सहा स्प्रे पॉप-अप (पाणी सुरू झालं की जमिनीतून वर येणारे फवारे) आणि लांबच्या कडेला दोन फिरते, लांब धार फेकणारे रोटर, सगळे एकाच व्हॉल्व्हवर. सकाळी ६ ला १५ मिनिटं आणि संध्याकाळी ७ ला १५ मिनिटं पाणी चालतं. घराकडे पाणी साचतं, शेवाळ धरतं. रोटरकडची बाजू मात्र तपकिरी पडली आहे. पश्चिमेच्या भिंतीलगतची झुडपंही दुपारी माना टाकतात.

वेळ वाढवावी का? गवताची जात बदलावी का? की सरळ कृत्रिम गवत टाकावं? एकंदर पाणीही कमी लागायला हवं आहे.

वाफसा

वेळ अजिबात वाढवू नका. त्यानं साचलेल्या भागात आणखी साचेल आणि करपलेला भाग तसाच राहील. जातीचाही दोष दिसत नाही, हरळी एवढं ऊन सहज सोसते.

आधी चार गोष्टी तपासा.

सरळ उभ्या काठाचे एकसारखे १५-१६ डबे हिरवळीवर सारख्या अंतरावर मांडा. निमुळते पेले नकोत, त्यात मोजणी चुकते. वारा नसताना नेहमीसारखं १५ मिनिटं पाणी चालवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजा. १ मिमी म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, त्यामुळे पुढचा सगळा हिशेब तोंडी होतो.

जिथून स्प्रिंकलरची लाइन निघते तिथल्या नळाखाली २० लिटरची बादली धरा, नळ पूर्ण सोडा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघा.

पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसा. ओल असेल तिथवर तो सहज जातो, कोरडं लागलं की अडतो. १५ सेंमी जायला हवा.

आणि करपलेल्या भागातलं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं उचलून आलं तर मुळं हुमणीनं खाल्ली आहेत, मग पाण्याच्या कितीही पाळ्या दिल्या तरी उपयोग नाही. घट्ट असेल तर प्रश्न पाण्याचाच.

हिरवापट्टा

मोजलं. स्प्रेच्या बाजूच्या डब्यांत ७ ते ८ मिमी, रोटरकडे दीड ते दोन मिमी. बादली ४० सेकंदांत भरली. स्क्रूड्रायव्हर घराकडे सहज जातो, पण पलीकडे ४ सेंमीवरच अडतो. गवत घट्ट आहे, हुमणी नाही.

थेंबाचा_हिशेब

मग कारण स्पष्ट आहे. एकाच व्हॉल्व्हवर स्प्रे आणि रोटर कधीही ठेवू नयेत. योग्य दाबावर साधा स्प्रे तासाला ४० मिमीच्या आसपास पाणी टाकतो, रोटर १० ते १५. वेळ दोघांना सारखीच मिळते, म्हणून एकीकडे तळं आणि दुसरीकडे फुफाटा. तुमच्या घराकडच्या भागाला दिवसाला १५ मिमी मिळतंय, पलीकडे जेमतेम साडेतीन. कडक उन्हाळ्यात हरळीची गरज साधारण ५ मिमी असते.

दुसरं दुखणं दाबाचं. तुमची बादली ४० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला ३० लिटर. सहा स्प्रे आणि दोन रोटर मिळून नीट चालायला याहून बरंच जास्त मागतात. म्हणून दाब पडतो, रोटरची धार अर्ध्यावर पडते आणि शेवटच्या कडेला थेंब पोचत नाही. उपलब्ध पाण्याच्या पाऊणपटच वापर धरून आखणी करावी, तुमच्यासाठी मिनिटाला २२ लिटर.

रोटर काढा. स्प्रेच्या पॉप-अपवर बसणारी फिरत्या बारीक धारांची नोझल मिळतात, ती सगळीकडे एकाच प्रकारची लावा. पाव, अर्धं किंवा पूर्ण वर्तुळ कसंही ठेवलं तरी ती तासाला साधारण १० मिमीच टाकतात. रोटरमध्ये तसं होत नाही. तेच नोझल ठेवून रोटर अर्ध्याऐवजी पाव वर्तुळात फिरवला, तर त्या तुकड्यावर दुप्पट पाणी पडतं. कोपरे नेहमी जास्त भिजतात ते यामुळे.

१२ × १० ला नऊ पॉप-अप पुरतील: चार कोपऱ्यांत, चार कडांच्या मध्यावर, एक बरोबर मधे. अंतर ६ आणि ५ मीटर पडतं, म्हणून ६ मीटर फेक असलेलं नोझल घ्या. एका पॉप-अपचं पाणी शेजारच्या पॉप-अपपर्यंत पोचलंच पाहिजे. 'अर्ध्या अंतरावर गाठ पडली तरी चालेल' हा हिशेब हमखास फसतो. फेकीच्या टोकाला पाणी विरळ पडतं आणि तिथेच करपलेले पट्टे उमटतात. नऊ नोझल मिळून मिनिटाला २० लिटर घेतील, तुमच्या मर्यादेत बसतं.

या नोझलना चालू असताना पावणेतीन बारच्या आसपास दाब लागतो. नळ बंद असताना मोजलेला दाब धरू नका, पाणी वाहायला लागलं की तो उतरतो. दाब जास्त असला तर धारेऐवजी धुकं होतं आणि वाऱ्यावर उडून जातं. बसवताना नोझल लावण्याआधी लाइन दोन-तीन मिनिटं मोकळी सोडा, कापलेल्या पाइपाचे कण आणि माती निघून जाते. नाहीतर पहिल्याच दिवशी नोझलखालची जाळी तुंबते. पॉप-अपचं डोकं जमिनीच्या पातळीशी बरोबर ठेवा. खोल गेलं तर गवतच धार अडवतं, वर राहिलं तर गवत कापायच्या यंत्राखाली तुटतं.

वाफसा

नोझल बदलल्यावर डबे पुन्हा मांडा, मगच वेळ लावा.

चिकण जमिनीत १५ सेंमी मुळांच्या थरात गवताला वापरता येईल असं साधारण २४ मिमी पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त संपलं की पाळी आली. म्हणून रोज थोडं देण्यापेक्षा दिवसाला ५ मिमीच्या हिशेबानं दर तिसऱ्या दिवशी १५ मिमी द्या. स्प्रिंकलर कितीही नीट लावले तरी पाणी अगदी सारखं पडत नाही, ती तूट भरायला १९ मिमी धरा. तासाला १० मिमीनं ते सुमारे ११५ मिनिटं होतात.

पण एका दमात नाही. चिकण माती तासाला ५ मिमीच्या आसपासच पाणी पिते, उरलेलं वाहून जातं. ३८-३८ मिनिटांचे तीन टप्पे करा, दोन टप्प्यांत तासभर विश्रांती. पहाटे ३ ला सुरू केलं तर ७ च्या आत संपतं. कंट्रोलरवर एकाच प्रोग्रॅमला तीन सुरुवातीच्या वेळा देता येतात.

रोजच्या पाण्याला सवकलेली मुळं वरच्या ३-४ सेंमीतच असतात. एकदम तिसऱ्या दिवसावर गेलात तर गवत कोलमडेल. पहिला आठवडा दिवसाआड, नंतर तिसऱ्या दिवशी. चालल्यावर पावलांचे ठसे उठून न येता तसेच राहिले किंवा रंग निळसर राखाडी दिसला, तर त्या दिवशी पाणी हवंच.

करपलेला भाग आता इतका वाळला असेल की पाणी आत न शिरता वरून घरंगळेल. तिथे पोकळ दातांच्या काट्यानं ७-८ सेंमी खोल भोकं पाडा, मातीच्या गोळ्या बाहेर काढा आणि अर्धा सेंमी चाळलेलं कंपोस्ट पसरून भोकांत झाडून घ्या. घराकडचा दबलेला भागही असाच मोकळा करा.

हिरवापट्टा

संध्याकाळचं पाणी का बंद करायचं? उन्हात दिलं तर थेंबांनी पानं भाजतात असं ऐकलं होतं, म्हणून ती वेळ धरली होती.

वाफसा

थेंबांनी गवत भाजत नाही. दुपारी देऊ नये ते पाणी उडून जातं आणि वारा असतो म्हणून. संध्याकाळी दिलं की पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशी लागते. पहाटे वारा पडलेला असतो आणि ऊन आलं की पानं लगेच सुकतात.

याच ओघात: गवत ३-४ सेंमी ठेवा, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. बोथट पात्यानं टोकं फाटतात आणि पांढरी पडतात, लोक त्याला पाण्याची कमतरता समजतात. युरिया दर चौरस मीटरला ५ ग्रॅमच्या वर नको, आणि टाकल्याबरोबर पाणी द्या. आत्ता करपलेल्या गवतावर तर अजिबात टाकू नका. आधी हिरवं होऊ द्या.

आळं_आणि_सावली

पाणी कमी करायचं असेल तर प्रामाणिकपणे सांगते, वरच्या दुरुस्तीनं गवत सुधारेल, पाणी फारसं वाचणार नाही. आत्ता तुम्ही तीन दिवसांत सुमारे २,७०० लिटर देताय, नव्या वेळापत्रकात १२० चौरस मीटरला २,२८० लागतील. खरी बचत हिरवळ लहान करण्यात आहे. ८ × ७ मीटर ठेवलीत तर एका पाळीला साधारण १,०६० लिटर. पॉप-अप खणायच्या आधी हे ठरवा, पाइप दोनदा टाकावा लागणार नाही. मांडणीचा नियम तोच, फेक तेवढी कमी घ्या.

हिरवळ आयताकृती ठेवा. दोन मीटरहून अरुंद किंवा नागमोडी पट्ट्यांवर स्प्रिंकलरचं निम्मं पाणी फरशीवर पडतं. झाडाखालीही गवताचा हट्ट नको, हरळीला किमान सहा तास थेट ऊन लागतं. सावलीत ती विरळच होणार.

पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि रात्रीही उष्णता सोडत राहते. झुडपं भिंतीपासून ६० ते ९० सेंमी दूर लावा. त्यांना ठिबक द्या, पण हिरवळीच्या व्हॉल्व्हवर जोडू नका, दाब आणि वेळ दोन्ही वेगळे लागतात. १६ मिमीची लॅटरल (ड्रिपर बसवायची नळी), सुरुवातीला १२० मेशची गाळणी आणि दाब एक-दीड बारवर आणणारा रेग्युलेटर. मीटरभर घेराच्या झुडपाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, खोडाच्या दोन बाजूंना. दर तिसऱ्या दिवशी दीड तास चालवलं की १२ लिटर मिळतात.

वर ७-८ सेंमी पाचोळ्याचं किंवा लाकडी तुकड्यांचं आच्छादन करा. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, खोडाला टेकलेलं आच्छादन साल कुजवतं. मोठ्या झाडाचं आळं बुंध्याशी न करता फांद्यांच्या घेराखाली करा, पाणी पिणारी बारीक मुळं तिकडे असतात. झाडाला कमी वेळा पण ४५-६० सेंमी खोल ओल जाईल इतकं द्या.

कृत्रिम गवताचा विचार सोडून द्या. उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर तापतो, अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि थंड करायला पुन्हा पाणीच ओतावं लागतं. सुटलेल्या जागेत सावली देणारं एक झाड नैऋत्येला लावा. झाडाच्या सावलीत खडी चालेल, उघड्या उन्हात मोठं खडीचं मैदान घराकडे उष्णता फेकतं.

थेंबाचा_हिशेब

ठिबकच्या लॅटरलचं टोक कायमचं बंद करू नका, उघडता येणारी टोपी लावा. महिन्यातून एकदा टोपी काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. आणि हिरवळीला पाणी देऊन झाल्यावर सगळ्यात खालच्या पॉप-अपमधून बराच वेळ पाणी पाझरत राहिलं, तर तुमच्या घराकडच्या शेवाळाचं ते दुसरं कारण आहे: उतारामुळे पाइपातलं पाणी तिथून रिकामं होतं. तेवढ्या पॉप-अपना आत झडप असलेलं मॉडेल बसवा. थोडा वेळ पाझरून आपोआप थांबण्याऐवजी पाणी अखंड येत राहिलं, तर व्हॉल्व्हच्या पडद्याखाली खडा अडकला आहे. मुख्य नळ बंद करून झाकणाचे स्क्रू काढा, पडदा धुवा आणि तो होता त्याच बाजूनं परत बसवा.