ॲपने नाव दिलं म्हणजे पक्षी ओळखला का?

रानवारा
सध्या जिकडेतिकडे हेच चाललंय. अनोळखी पक्षी दिसला की फोटो ॲपला द्यायचा, ॲप म्हणालं मोरघार की लगेच नोंद टाकून मोकळं. परवा एका ग्रुपवर असाच एक शिकारी पक्षी मोरघार म्हणून फिरत होता आणि खाली अभिनंदनाचा पाऊस. अरे, फोटो जरा झूम तरी करा! डोकं कबुतरासारखं बारीक, मान लांब, आणि डोळा नि चोच यांच्या मधली जागा खवल्यांसारख्या बारीक दाट पिसांनी झाकलेली. गांधीलमाश्यांच्या पोळ्यात तोंड घालणाऱ्या मधुबाजाचं ते चिलखत आहे. मधुबाज पांढरट ते जवळपास काळा, कुठल्याही रंगात सापडतो, त्यामुळे रंगावरून जाणारा हमखास फसतो. नाव कशावरून ठरवलं ते स्वतःला सांगता येत नसेल तर सरळ 'अनोळखी शिकारी पक्षी' लिहावं.

नवी दुर्बीण
अजिबात पटलं नाही. नवीन माणसाला या खुणा कळणार कुठून? ॲप एक नाव देतं म्हणून तर तो पुस्तक उघडून ताडून बघतो. आणि फोटो असला की चुकीची ओळख उद्या कुणीही दुरुस्त करू शकतं, नुसतं 'मी बघितलं' म्हणणाऱ्याचं काय तपासणार?

झुडपातला
रानवाराशी सहमत. एकदा चुकीची नोंद बसली की किती नुकसान होतं ते वनपिंगळा या दुर्मिळ छोट्या घुबडाच्या बाबतीत बघा. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना (संग्रहालयात भरण घालून जपलेला मेलेला पक्षी) नव्हता, आणि मायनर्ट्झहॅगन या ब्रिटिश पक्षी-संग्राहक गृहस्थाने दुसऱ्याचा जुना नमुना चोरून त्यावर १९१४ ची चिठ्ठी लावली, ठिकाणही खोटं. त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणारे भलत्याच जागी फिरले. १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. साधा पिंगळा म्हणून सोडून दिला असता, पण डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, पंख-शेपटीवर ठळक पट्टे, हे त्यांनी नीट पाहिलं होतं.

नवी दुर्बीण
ही गोष्ट तर माझ्याच बाजूची आहे! तो खोटेपणा पकडला गेला कारण नमुना संग्रहालयात शिल्लक होता, त्याचे एक्स-रे काढता आले, आतलं भरण तपासता आलं. आज तेच काम फोटो करतो. आणि 'आधी सिद्ध कर मग बोल' या सुरामुळे नवीन लोक गप्प बसतात, मग एखादी खरी दुर्मिळ नोंद फोनमध्येच पडून राहते त्याचं काय?

रानवारा
गप्प बसा असं कुठे म्हटलंय, फोटो टाका, शंभरदा टाका. फक्त नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि शक्य तर पाय, शेपटी, पंखाची खालची बाजू अशा वेगवेगळ्या बाजूंनी घ्या. सूर्याकडे तोंड करून काढलेल्या एकाच फोटोत तपकिरी पक्षी काळा दिसतो, ॲपही त्याच काळ्यावर अंदाज बांधतं.

नवी दुर्बीण
प्रश्नचिन्ह मान्य, पण यादीतून नाव काढायला लावणं मान्य नाही. ग्रुपवरच्या त्या फोटोत पाय दिसतोय का?

झुडपातला
दिसतोय. नडगी उघडी आणि पिवळी आहे, मोरघारेची पार बोटांपर्यंत पिसांनी झाकलेली असते. मधुबाजच आहे तो, ज्याने टाकला त्याला फोटोवर खूण करून पाठवलंय.