आईला (वय ६७) ताबोचा गोम्पा दाखवायचा आहे, कसं न्यावं?

काळीमाती

नमस्कार. सप्टेंबरच्या शेवटी आईला हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात, ताबोचा गोम्पा (बौद्ध मठ) बघायला घेऊन जायचं ठरवतेय. आमचं मूळ गाव औसा तालुक्यात, आता लातुरात असतो. आईनं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. सहावी-सातवीची सहल घेऊन ती इतक्यांदा अजिंठ्याला गेली आहे की पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तिला घरातल्या माणसासारखा झालाय. एका दिवाळी अंकात ताबोला 'हिमालयातलं अजिंठा' म्हटलेलं तिनं वाचलं, ते पान कापून वंदनेच्या वहीत ठेवलं, आणि आता दर पौर्णिमेला वही उघडली की ते पान निघतं.

अडचणी अशा. बीपीची गोळी रोज चालू आहे. डाव्या गुडघ्याला जिने सोसत नाहीत. महाबळेश्वरपेक्षा उंचावर ती कधी गेलेली नाही. एका प्रवास कंपनीनं आठ दिवसांची सहल सुचवली आहे: मनालीहून वर, काझा, 'की' गोम्पा, ताबो, मग शिमल्याला खाली. त्यात ताबोला एक तास. मामेभाऊ म्हणतो, आत मिट्ट काळोख, फोटो काढू देत नाहीत, आजारी पडायला एवढ्या लांब कशाला जायचं?

मला आईला न्यायचंच आहे. फक्त तिचे हाल होऊ नयेत. जाऊन आलेल्यांनी सांगा.

खडूफळा

ताई, पहिली गोष्ट, त्या आठ दिवसांच्या सहलीला पैसे भरू नका. मी शाळेत चित्रकला शिकवतो. पहिल्या वेळी अगदी असाच गेलो होतो. मनाली साधारण २,०५० मीटरवर. तिथून निघालो, ४,५५१ मीटरचा कुंझुम घाट ओलांडला आणि त्याच रात्री ३,६५० मीटरवर काझ्यात झोपलो. झोपलो कसला, डोकं घणासारखं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली. ताबोला पोचलो तेव्हा गाडीवाल्यानं अर्धा तास दिला. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत शिरलो तर काही म्हणजे काही दिसेना. डोळे जरा सरावताहेत तोवर हॉर्न वाजला. अकराव्या शतकातली चित्रं माझ्यापासून दोन हातांवर होती आणि मी ती न बघता परत आलो. ती चुटपुट वर्षभर गेली नाही. पुढच्या वर्षी एकटा गेलो, किन्नौरकडून, आणि ताबोत चार रात्री राहिलो.

तुम्ही किन्नौरकडूनच जा. चंडीगढ, शिमला, रामपूर, मग रेकाँग पिओच्या वर कल्पा. कल्पा २,९६० मीटरवर आहे, तिथे दोन रात्री काढा. समोर किन्नर कैलास दिसतो, आईंचा वेळ छान जाईल. मग पूह, खाब आणि नाको करत ताबो. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथे गाडी थांबवायला सांगा. नाकोला जेवा, पण मुक्काम करू नका, कारण नाको ३,६०० मीटरच्याही वर आहे आणि ताबो ३,२८० च्या आसपास. म्हणजे कल्प्याहून ताबोला झोपायला जाताना चढ जेमतेम तीनशे मीटरचा पडतो. मनालीच्या वाटेवर शरीराला ही सवलत मिळत नाही.

गुडघ्याचं म्हणाल, तर स्पितीतल्या जुन्या गोम्प्यांमध्ये आईंसाठी ताबोच सगळ्यात सोयीचा. 'की' आणि धनकर हे गोम्पे टेकाडावर, कड्यावर बांधलेले. ताबो मात्र नदीकाठच्या सपाट जागेवर आहे. मातीची कुंपणभिंत, आत मातीचीच बुटकी देवळं आणि स्तूप. गावातून चालत जायचं, चपला काढायच्या आणि आत. दारं ठेंगणी आहेत, तेवढं वाकावं लागतं. वरच्या कड्यात भिक्खूंच्या ध्यानाच्या गुहा आहेत, त्या खालूनच बघा.

आता काळोखाचं. तुमच्या मामेभावाचं बरोबर आहे, आत काळोख आहे आणि फोटोला मनाई आहे. पण दारातून आत गेल्यावर लगेच चित्रं शोधायला लागू नका. भिंतीपासून अंतर ठेवून खाली बसा आणि दहा-पंधरा मिनिटं काहीच करू नका. छताच्या झरोक्यातून थोडा उजेड येतो. पहिल्यांदा मूर्ती दिसायला लागतात. तीसहून जास्त, जवळजवळ माणसाएवढ्या, मातीच्या, भिंतीवर डोक्याच्या उंचीला बसवलेल्या. खाली चौथरा नाही, काही नाही, त्यामुळे भिंतीतून पुढे येऊन हवेत बसल्यासारख्या वाटतात. मधे चार दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध. हे सगळं मिळून वज्रधातू मंडल, म्हणजे बुद्ध आणि देवतांची ठरलेली मांडणी, होतं. कागदावर काढतात ते मंडल इथे खोलीएवढं केलंय आणि आपण त्याच्या आत बसलेलो असतो. मूर्तींच्या खाली चित्रांचा पट्टा आहे, तो सगळ्यात शेवटी दिसतो.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी एका हाताजवळ अडकलो. कुणा उपासकाचा हात असावा, वीतभरही नाही. मनगटापाशी रेघ बारीक, तळव्याकडे भरत जाते आणि बोटाच्या टोकाला पुन्हा निमुळती होऊन नखाशी थांबते. ब्रश एकदाच टेकवून उचललाय, रेघ कुठेही गिरवलेली नाही. त्या शेजारी रंगाचा पोपडा गेला होता आणि खालच्या मातीच्या गिलाव्यात भुश्श्याची काडी दिसत होती. मी वर्गात मुलांना रेघेचं वजन शिकवायला वर्षानुवर्षं धडपडतोय. त्या काडीशेजारच्या बोटात ते होतं.

रिंचेन झांगपो (९५८–१०५५) हे तिबेटीत संस्कृत ग्रंथ आणणारे मोठे भाषांतरकार. त्यांनी काश्मीरहून कलाकार आणले अशी परंपरा आहे आणि तो हात बघून मला ती पटते. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ यानं ९९६ मध्ये हे मंदिर उभारलं. सेहेचाळीस वर्षांनी, १०४२ मध्ये, त्याच घराण्यातल्या जांगचुब-ओ यानं त्याचा जीर्णोद्धार केला. हे आतल्या भिंतीवरच्याच लेखात लिहिलेलं आहे.

तीन रात्री ठेवा. सकाळी एकदा जा आणि दुपारी परत जा, उजेड बदलतो तशा वेगळ्या भिंती बोलायला लागतात. छोटी बॅटरी न्या, भिक्खूंना विचारूनच लावा, एका जागी रोखून धरू नका. भिंतीला हात नको, पाठीवरची पिशवी तर नकोच.

दवबिंदू

मी भूलतज्ज्ञ आहे. वरचा रस्ता योग्य आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा नियम यात आपोआप पाळला जातो.

निघण्याआधी महिनाभर तुमच्या फिजिशियनना दाखवा. ईसीजी आणि बीपीच्या गोळ्यांचा आढावा घ्या, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का, हे त्यांनाच ठरवू द्या. तिनं लघवी वाढते, आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही वाढते. सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. पहिले दोन दिवस आईंना भरभर चालू देऊ नका, पाणी थोडं थोडं पाजत राहा.

नुसतं डोकं दुखलं तर आराम करा आणि आणखी वर जाऊ नका. पण चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. 'एवढ्या लांब आलोय' हा विचार त्या वेळी करायचा नाही.

सतलजकाठ

मिस्टरांच्या वीजप्रकल्पातल्या नोकरीमुळे नऊ वर्षं रामपूरजवळ राहिले, म्हणून रस्त्याचं सांगते. सप्टेंबरअखेर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी फार कोसळतात. नाकोच्या पुढे मलिंगचा पट्टा आहे, तिथे वरून दगड येतात. कल्प्याहून सकाळी लवकर निघा आणि तो पट्टा दुपारच्या वाऱ्याआधी पार करा. रेकाँग पिओखाली पेट्रोल भरून घ्या, पुढच्या पंपावर विसंबू नका. रोख पैसे जवळ ठेवा. एक दिवस हातचा ठेवा, रस्ता बंद झाला की कुणाचंही काही चालत नाही. आणि त्या दिवसांत ताबोत सफरचंदांची तोडणी असते. बागवाल्याला विचारल्याशिवाय घेऊ नका, पण विचारलंत तर हातात दोन जास्तच येतील.

काळीमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूफळा सर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तो हाताचा भाग तिनं दोनदा वाचायला लावला.

एक विचारू का? आम्ही बौद्ध. आजोबांनी ५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. घरात त्रिसरण, पंचशील, बुद्ध-भीम जयंती, एवढाच आमचा धम्म. आई काल म्हणाली, तिथे इतक्या देवता, मंडलं, सगळं तिबेटीत, मला त्यातलं काही कळलं नाही तर? मी तिथे पाहुण्यासारखी नुसती उभी राहणार का?

खडूफळा

नाही राहणार. आईंना सांगा, सभागृहातल्या उत्तरेच्या भिंतीवर खालच्या पट्ट्यात बुद्धचरित्र आहे, जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत. ज्या बाईंनी आयुष्यभर मुलांना अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातलं महापरिनिर्वाण दाखवलं, त्यांना इथे कुणी काही समजावून सांगायची गरज नाही.

आणि दक्षिणेच्या भिंतीवर सुधन आहे. गंडव्यूह सूत्रातला व्यापाऱ्याचा मुलगा. ज्ञान कुठे मिळेल म्हणून निघतो आणि एकामागून एक पन्नासहून जास्त गुरूंकडे जातो. त्यांत भिक्खू आहेत, राजे आहेत, नावाडी आहे, गंध विकणारा आहे, बायका आहेत, लहान मुलंही आहेत. प्रत्येक जण म्हणतो, मला एवढंच येतं, पुढचं अमक्याला विचार. एका शिक्षिकेला यापेक्षा जवळची भिंत मला तरी माहीत नाही. गाभाऱ्यामागे प्रदक्षिणेचा बोळ आहे, त्याच्या भिंतींवर भद्रकल्पातले, म्हणजे सध्याच्या युगातले, हजार बुद्ध. तिथे डावीकडून चालत जा आणि त्रिसरण मोठ्यानं म्हणावंसं वाटलं तर म्हणू द्या. मी होतो तेव्हा एका आजींनी तिबेटीत म्हटलं होतं. त्यात 'सांग्ये' आलं तेव्हा शेजारच्या भिक्खूंनी मला खूण केली, म्हणजे बुद्ध.

काळीमाती

परवा परत आलो. लिहिते म्हणाले होते, म्हणून लिहितेय.

कल्प्यात पहिल्या दिवशी आईचं डोकं जड झालं, दुसऱ्या दिवशी उतरलं. मलिंग सकाळी दहाच्या आत पार केलं. ताबोला चार रात्री राहिलो, हातचा ठेवलेला दिवसही तिथेच काढला. धनकरला गेलोच नाही, आईनं नको म्हटलं.

पहिल्या सकाळी ती आत न जाता अंगणात उभी राहून छपराकडे बघत बसली. म्हणाली, "अगं, हे तर आपलं माळवद." खरंच तसंच होतं. जाड मातीच्या भिंती, लाकडाच्या तुळया आणि वर मातीचं सपाट धाबं. आत गेल्यावर झरोक्याकडे बोट करून म्हणाली, "आणि हे साणं." आमचं गावचं घर असंच होतं. मृगाच्या आधी आजोबा माळवदावर पांढरी माती टाकून घ्यायचे, नाहीतर गळायचं. इथे मंदिरात भिंतीवर वरून खाली चिखलाचे ओघळ आलेले आहेत, काही ठिकाणी थेट चित्रांवरून. तिला ते बघवेना. तिनं मोडक्या हिंदीत तिथल्या भिक्खूंना विचारलं, छपरावर माती कोण टाकतं, कधी टाकतं. ते म्हणाले, बर्फाची सवय या छपराला आहे, पण आता पाऊस येतो, पूर्वी एवढा येत नव्हता. मग दोघं बराच वेळ मातीबद्दल बोलत राहिले. कुठली माती पाणी धरते, कुठली सोडते.

बोलता बोलता १९७५ च्या जानेवारीतल्या किन्नौरच्या भूकंपाचा विषय निघाला. त्यात इथल्या जुन्या इमारतींना तडे गेले. शेजारचं नवं मंदिर १९८३ साली बांधलं, त्या वर्षी दलाई लामांनी इथे कालचक्र दीक्षा दिली. आई ऐकता ऐकता गप्प झाली. आमचं ते माळवद ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात बसलं. आजी त्यात गेली. आईनं हे भिक्खूंना सांगितलं नाही. त्यांनी चहा आणला, खारट, लोण्याचा. एरवी घरी चहात साखर कमी पडली तर ती कप बाजूला ठेवते. तिथे सगळा प्यायली.

दुपारी आम्ही परत आत गेलो. पाऊण तास बसल्यावर सर म्हणाले होते तसे रंग वर आले, आधी निळा आणि मग लाल. महापरिनिर्वाण तिनं माझ्याआधी ओळखलं. तुमचा तो हात काही आम्हाला सापडला नाही, सर. सुधनाच्या भिंतीपाशी मात्र ती दर दिवशी बसली. शेवटच्या दिवशी मागच्या बोळात हजार बुद्धांसमोरून चालताना तिनं हळू आवाजात 'बुद्धं सरणं गच्छामि' सुरू केलं. तिसऱ्या फेरीला पुढे चाललेल्या गावातल्या एक बाई थांबल्या, वळून बघितलं आणि आईचा हात धरून चालायला लागल्या. बोळ अरुंद आहे, दोघी शेजारी शेजारी मावत नव्हत्या, म्हणून त्या हात मागे करून तसाच धरून पुढे चालल्या.

निघताना त्या बाईंनी पिशवीभर सफरचंदं दिली. प्रवासात निम्मी खाल्ली. उरलेली आईनं काल तिच्या जुन्या शाळेत नेऊन वाटली.