नऊ वर्षांपूर्वी निघून गेलेल्या नवऱ्याची सही कुठून आणायची?

मंजिरी_मनिला

नमस्कार. मी सहा वर्षं फिलिपिन्समध्ये, मनिलात आहे, मकातीत एका ऑफिसात पेरोल बघते. माझ्या शेजारी बसते तिला सगळे 'आते' म्हणतात. टागालोगमध्ये आते म्हणजे ताई. मला मात्र सुरुवातीला दर वेळी आत्याच आठवायची.

आते एकेचाळीस वर्षांची, तीन मुलं. नवरा नऊ वर्षांपूर्वी दुबईला गेला तो गेलाच, मुलांच्या फीला एक पेसो नाही. आता तिच्या आयुष्यात एक चांगला माणूस आहे, पण चौथं मूल तिला नको. तिसऱ्या बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं, ती भीती अजून गेलेली नाही. गेल्या महिन्यात ती ऑपरेशनचं विचारायला एका हॉस्पिटलात गेली, मी सोबत होते. फॉर्मच्या तळाशी दोन रेघा होत्या, एक तिच्या सहीची, दुसरी नवऱ्याच्या. तो इथे नाही, असं तिने दोनदा सांगितलं. समोरच्या बाईंनी मान वर न करता दुसऱ्या रेघेवर पेनाने टकटक केलं, बस्स.

जीपनीत, म्हणजे इथल्या प्रवासी जीपगाडीत, ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला माझा चेहरासुद्धा आठवत नसेल, पण पोट अजून त्याचंच."

हा कायदा आहे की त्या हॉस्पिटलचा आपला नियम? २०१२ च्या कायद्याने बायकांना हक्क दिला असं मी ऐकून होते.

वैशाली_क्यूसी

मंजिरी, दुर्दैवाने कायदाच आहे. माझा नवरा इथलाच, आणि मी क्वेझॉन सिटीत वकिलांच्या ऑफिसात कागदपत्रं बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१२ च्या प्रजनन आरोग्य कायद्यात अगदी आतेसारख्या बाईसाठी एक वाक्य होतं. नवरा-बायकोचं एकमत झालं नाही, तर जिच्या शरीरावर शस्त्रक्रिया व्हायची तिचा निर्णय चालेल. एप्रिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला, आणि त्याच निकालात नेमकं हे वाक्य खोडलं. कारण काय, तर कुटुंबाचा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. जिवावर बेतलं असेल तरच सूट. दोघं एका छपराखाली राहत नसतील तर काय, हा प्रश्न आतेसारखीच्या पदरात तसाच टाकून दिला. मला हे वाचून आजही संताप येतो.

लग्नच मोडून टाकावं म्हणाल, तर घटस्फोट नाही. अमेरिकन अमलात १९१७ च्या कायद्याने मिळायचा, तोही व्यभिचार सिद्ध झाला तरच. १९५० च्या नागरी संहितेत तो गेला. मुस्लिमांना १९७७ च्या संहितेने आहे, बाकीच्यांना लग्न रद्दबातल ठरवून घ्यायचं, म्हणजे कोर्ट, वकील आणि ढीगभर पैसे. २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाने घटस्फोटाचं विधेयक मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते अडलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या मित्राबद्दल आतेने कुठेही काही लिहून देऊ नये. १९३० ची दंडसंहिता स्पेनच्या १८७० च्या संहितेवर बेतलेली आहे. तिच्यात बायको एकदा जरी परपुरुषाबरोबर राहिली तरी गुन्हा, सहा वर्षांपर्यंत कैद. नवऱ्याचा गुन्हा कधी होतो? दुसरीला घरात आणून ठेवली, चारचौघांत बोभाटा होईल असं वागला किंवा तिच्याबरोबर दुसरीकडे बिऱ्हाड केलं, तर. शिक्षाही कमी. तक्रार फक्त जोडीदार करू शकतो, म्हणजे दुबईत बसलेल्या त्या माणसाच्या हातात अजून हेही आहे. गर्भपाताची कलमंही त्याच संहितेतली, आईचा जीव धोक्यात असला तरी स्पष्ट अपवाद लिहिलेला नाही. स्पॅनिश १८९८ मध्ये गेले, पण आते ज्या चौकटीत अडकलीय ती त्यांच्याच हातची आहे.

दावावचा_अमेय

मी इथे मेडिकलला आहे. आतेला मूल राहू नये म्हणून बसवतात त्या इम्प्लांटबद्दल विचारायला सांगा. दंडात आतल्या बाजूला बारीक कांडी बसवतात, तीन वर्षं चालते, नको झाली की काढता येते. आमच्या बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, आरोग्य केंद्रात माझ्या वर्गमैत्रिणीच्या बहिणीने बसवली, नवऱ्याची सही मागितली नव्हती. तिला रक्तस्रावाचा त्रास झालाय, तर आधी डॉक्टरांना तो सांगायला विसरू नका.

सुनंदा_सेबू

थोडं वेगळं लिहिते, पण मला ते याच धाग्यातलं वाटतं. माझी मुलगी इथे जन्मली, बाबा फिलिपिनो. दोन महिन्यांची असताना घरी येणारी प्रत्येक बाई तिचं नाक दोन बोटांच्या चिमटीत धरून वर ओढायची, 'पांगो' म्हणजे नकटी राहू नये म्हणून. प्रेमानेच करायच्या. आता ती अकरा वर्षांची आहे. परवा रंग उजळायचा पपईचा साबण मागत होती, वर्गात तिला 'नेग्रा' म्हणजे काळी म्हणतात म्हणून. स्पॅनिश काळात इथल्या माणसाला 'इंडिओ' म्हणत, 'फिलिपिनो' हा शब्द इथे जन्मलेल्या गोऱ्या स्पॅनिशांचा होता. हे तिला समजावत बसले, तर ती म्हणाली, "मग आई, माझा रंग कुणाचा?" मी तिला जवळ घेतलं. उत्तर अजून शोधतेय.

मंजिरी_मनिला

वैशालीताई, तुमचं सगळं आतेला वाचून दाखवलं. खोडलेलं वाक्य तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि कागदावर उतरवून घेतलं. मित्राचं कुणाला काही सांगणार नाही म्हणाली.

अमेय, आम्ही शनिवारी बारांगायच्या केंद्रात जातोय. कांडी बसवल्यावर दंड किती दिवस दुखतो? ती लॅपटॉपची जड बॅग कायम डाव्या खांद्याला लावते.