मदत हवी आहे : रताळ्याचं पीठ करायचंय, काप काळे पडताहेत (बेळगाव-खानापूर भाग)

नमस्कार मंडळी,

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली, खानापूरच्या हद्दीजवळच्या गावची. आमच्याकडं पावसाळ्यात भाताबरोबर माळावर रताळ्याचे वेल लावतात. नवरात्रापासून महाशिवरात्रीपर्यंत माल बेळगावच्या मार्केट यार्डात जातो आणि तिथून ट्रक उत्तरेकडं जातात. यार्डात पहिल्यांदा ढीग वेगळे होतात. सरळ, मध्यम रताळ्यांना दर मिळतो. बारकी, वाकडी, काढताना कुदळ लागून चिरलेली जवळजवळ फुकटच जातात, नाहीतर घरी आणून जनावरांपुढं टाकायची.

वेल लावण्यापासून रताळी धुऊन पोत्यात भरेपर्यंत सगळं बायकाच करतात. पट्टी (विक्रीची पावती) मात्र घरातल्या पुरुषाच्या नावानं होते. म्हणून आमच्या बायकांच्या बचत संघातल्या दहा-बाराजणींनी ठरवलंय, चांगला माल जाऊ दे यार्डात, या टाकाऊ ढिगाचं आपण उपवासाचं पीठ करायचं. त्याचा पैसा संघाच्या खात्यावर येईल. बेळगाव-कोल्हापूरकडं उपवास करणारी घरं थोडी नाहीत, गिऱ्हाईक मिळेल अशी खात्री आहे.

अडचणी अशा :

काप उन्हात घातले की कडेनं काळपट होतात. पीठ राखाडी दिसतं, चवीला बरं असलं तरी कोण घेणार? ढग आले की काप मऊ पडतात आणि वास धरतात. पीठ किती दिवस टिकेल हेही सांगता येत नाही.

दुसरं कर्जाचं. एका बँकेत गेलो तर पहिला प्रश्न, "उतारा कुणाच्या नावावर?" आमच्यातल्या एकीच्याही नावावर जमीन नाही. फॉर्म कन्नडमध्ये. बोलायला येतं आम्हाला, पण सरकारी भाषा वाचताना अडतं.

आणि पाकिटावर मराठी छापलं तर चालतं का?

अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावं. पुढच्या काढणीआधी तयारी करायची आहे.

— माळावरची

धारवाडची_माहेरवाशीण :

ताई, काळं पडण्यावर उपाय सोपा आहे. चिरलेल्या भागाला हवा लागली की रताळ्यातलं विकर (एन्झाइम) रंग बदलतं. त्यामुळं सोललेलं रताळं उघडं ठेवूच नका, काप थेट पाण्यात पडले पाहिजेत. पाण्यात थोडं लिंबू पिळा. मग उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात घाला, निथळा आणि पातळ थरात वाळवा. उकळत्या पाण्यानं ते विकर मरतं. ही पायरी गाळली तर कितीही कडक ऊन असू दे, रंग जाणारच.

तुमच्या भागातल्या हवेत नुसत्या उन्हावर राहू नका. सोलर ड्रायर बघा, साठ अंशांच्या आसपास उष्णता पुरते. काप वाकता कामा नये, कट्कन मोडला पाहिजे. पिठात ओलावा दहा टक्क्यांच्या खाली हवा, नाहीतर गुठळ्या होतात आणि बुरशी धरते.

हिशेब आधी करा : रताळ्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. साल आणि खराब भाग धरून किलोभर पिठाला चार-पाच किलो रताळी लागतील. जळण, पाकीट, मजुरी त्यावर. स्वतःच्या मजुरीचा पैसा लावायला बायका विसरतात, तो लावाच.

आणि सोंड्या किडीनं पोखरलेलं रताळं पिठात घेऊ नका. किडका भाग कापून टाकला तरी कडवटपणा आतवर गेलेला असतो, आणि तो पोटालाही बरा नाही. चिरलेलं चालेल, पण त्याच दिवशी वापरायचं.

प्रशिक्षणाला बैलहोंगलजवळ मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठातही अन्नविज्ञानाचा विभाग आहे, टिकवणीची तपासणी कुठं करावी ते तिथं विचारा.

निपाणीकर :

उताऱ्यावर अडून बसू नका. पीककर्ज वेगळं आणि प्रक्रिया उद्योगाचं कर्ज वेगळं. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना 2020 साली सुरू झाली, पीएमएफएमई म्हणतात ती. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान ठरलं. कर्नाटकानं त्यात 15 टक्क्यांची भर घातली. योजनेत प्रत्येक जिल्ह्याला एक पदार्थ ठरवून दिलाय, बेळगावचा गूळ आहे, पण रताळ्याचाही प्रस्ताव देता येतो. सध्या अर्ज कोणत्या अटींवर घेतात ते कृषी खात्याच्या तालुका कार्यालयात विचारा. तिथं जिल्हा साधनव्यक्तीचं नाव मागा. प्रस्ताव करून देणं हे त्यांचं काम आहे आणि मोबदला सरकार देतं. कुणी तुमच्याकडं पैसे मागितले तर देऊ नका.

एक ध्यानात ठेवा : अनुदान हातात रोख मिळत नाही. ते कर्जखात्याशी जोडून तीन वर्षं अडकतं, हप्ते नीट गेले तरच वळतं होतं. म्हणून यंत्रं लहान घ्या. आधीपासून प्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सभासदाला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवलाचीही तरतूद होती, पण तेही संघामार्फत फेडायचंच असतं. त्यासाठी संघाचं ठरावबुक आणि विक्रीची वही आजपासून लिहा.

पाकिटाचं : सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. कर्नाटकात तयार होणाऱ्या मालावर नाव कन्नडमध्येही छापायचा आदेश 2025 मध्ये निघाला. तेवढं करून मराठी छापायला आडकाठी नाही. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा) चौदा अंकी क्रमांक मात्र पहिल्या पाकिटापासून हवा.

माळावरची :

दोघांचे मनापासून आभार. उकळत्या पाण्याचं आजच करून बघितलं, दोन किलोवर. काप अजून पांढरेच आहेत. संघातल्या बायका सारख्या येऊन बघून जाताहेत. अजून एक विचारायचंय : दळण गावातल्या गिरणीत केलं तर चालेल का?

खानापूरची_सून :

नको ग. गावच्या गिरणीत गहू-जोंधळे दळतात, त्याचं पीठ दगडाला राहतंच. उपवासाचं म्हणून विकणार आणि त्यात गव्हाचा अंश निघाला, तर गिऱ्हाईकाचा उपवास मोडेल आणि परत कोणी घेणार नाही. सुरुवातीला घरगुती लहान चक्की फक्त या कामाला ठेवा. आमच्या गटानं वरी आणि साबुदाण्यासाठी तसंच केलंय. चक्कीबद्दल काही विचारायचं असेल तर इथंच लिहा, मी रोज बघते.