प्लायमाउथ रॉकचे फिकट नर

काही जण म्हणतात की पट्टेदार प्लायमाउथ रॉक या जातीच्या कोंबड्यांत माद्या गडद आणि नर फिकट निघाले, म्हणजे रक्तात भेसळ आहे. तसं नाही हो. पट्ट्यांचं जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. कोंबड्याला झेड दोन, कोंबडीला एकच. त्यामुळे शुद्ध नरात या जनुकाच्या दोन प्रती येतात, पांढरा पट्टा रुंद होतो आणि एकूण रंग उजळतो. प्रदर्शनात मात्र दोघं एकाच छटेचे हवेत! म्हणून परदेशातल्या जुन्या पैदासकारांनी दोन वेगळे वंश राखले. एकातून प्रदर्शनाचे नर मिळतात, पण त्यांच्या बहिणी जास्तच काळपट. दुसऱ्यातून माद्या मिळतात आणि त्यांचे भाऊ फिकट. पहिल्या वंशातल्या या काळपट तलंगा (तरुण कोंबड्या) विकून टाकू नका, अगदी कळकळीनं सांगतो. पुढचे चांगले कोंबडे त्यांच्याच पोटी येतात.

शिवाय पिसं सावकाश फुटणारी पिल्लं ठेवा, त्यांचे पट्टे अरुंद आणि रेखीव येतात. भरभर पिसं येणाऱ्यांत ते पसरट, पुसट राहतात. निवडताना पाठीवरचं पीस उचलून बघा. पट्टे पार कातडीपर्यंत गेलेले हवेत.